पडद्यावरचे गाव

व्हिडिओ खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, असे माझे पक्के मत होते. नोकरीनिमित्त बंगळुरूस निघालेल्या आमच्या कन्येने आपला ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा खेळ घरीच ठेवला आणि जाताना विनविले, “बाबा, माझ्या गावातले तण तेवढे उपटीत जा.”

गाव मोठे विलक्षण! शेजारी कोण, तर अस्वल, मांजर, बेडूक. घरासाठी कर्ज देणारा सावकार व्याज घेत नाही, मुदतही घालीत नाही. हारजीत मुळीच नाही. आपल्या घड्याळाबरोबर तेथेही दिवस मावळतो. काही दिवस फिरकले नाही, तर तण माजते आणि शेजारी विचारपूस करतात.

निन्टेण्डो कंपनीच्या कात्सुया एगुची यांना हा खेळ सुचला तो एकाकीपणातून. चिबा सोडून नोकरीसाठी क्योतोस आल्यावर आप्तमित्र दुरावले आणि त्यांच्या सहवासाचे मोल उमगले. २००१ साली जपानात निघालेल्या पहिल्या खेळात घरातली चार माणसे आपापल्या सवडीने एकाच गावात राहत व एकमेकांसाठी पत्रे ठेवीत.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या आपणा मंडळींस ही हुरहुर नवी नाही. आपल्या वडिलधाऱ्यांनी वाचनालये नि गणेशोत्सव उभारले, ते याच ओढीने.

हल्ली रात्री जेवणे आटोपली, की मी दहा मिनिटे तण उपटतो. काल तेथील टपालात कन्येच्या नावे एक पत्रही टाकले. दिवाळीस येईल, तेव्हा वाचील.