बापाच्या नावावर असलेली मुलं

श्री. क्लोद थॉमस पियेर मेत्वाये,
नाकितोश, लुईझियाना



आपल्याला जाऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी केन नदीकाठची आपली आणि मारी तेरेझ क्वांक्वांची गोष्ट प्रेमकहाणी म्हणून सांगायचा मोह अजून सुटत नाही. गोरा फ्रेंच व्यापारी, काळी गुलाम स्त्री, दहा मुलं आणि आडवा आलेला कायदा. १७२४च्या 'कोड नोआर' या गुलामांविषयीच्या कायद्याने लुईझियानात असं लग्नच काय, असा संबंधही गुन्हा ठरवला होता. १७७७मध्ये फादर किंतानिया यांनी तक्रार केली ती याच अनाचाराची. ही बाई आपण तिच्या मालकिणीकडून भाड्याने घेतली होती, याबद्दल त्यांची तक्रार नव्हती!

१७७८मध्ये आपण तिला तान्ह्या बाळासह विकत घेऊन मुक्त केलंत. प्रेम नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. पण आई गुलाम तर मूलही गुलाम, हे त्याच कायद्यात होतं. आधीची मुलं आपण अगोदरच विकत घेतली होतीत. ती आपलीच राहिली, रक्तानं आणि खरेदीखतानंही.

१७८६च्या सुमारास आपण वेगळे झालात. तिला अडुसष्ट एकर जमीन आणि वर्षाला १२० पियास्त्र बांधून दिलेत, आणि १७८८मध्ये एका गोऱ्या विधवेशी रीतसर लग्न केलंत. इकडे क्वांक्वां राबत होती. तिनं तंबाखू लावला, अस्वलाची चरबी विकली. आपल्याशी गाठ पडण्यापूर्वी झालेली तिची मुलं इतरांच्या मालकीची होती. त्यांना सोडवायला ती पैसा जमवत होती.

१८०२चा करार मात्र माझ्या गळी उतरत नाही. साठीला टेकलेल्या त्या आईनं स्वतःच्या वार्षिक रकमेवर पाणी सोडलं, आणि त्या बदल्यात आपण आपल्याच पोटच्या, तोवर गुलाम राहिलेल्या मुलांना मुक्त केलंत. बापाकडून मुलं सोडवून घ्यायची तीही किंमत मोजून!

पुढे तिनंही गुलाम बाळगले. ते झाकायचं कारण नाही, पण त्यानं आपला हिशेब चुकता होत नाही.

थोरला ऑग्युस्तां १७६८चा. त्याला आपण मुक्त केलंत १७९२मध्ये, त्याच्या लग्नाच्या तोंडावर. मधल्या चोवीस वर्षांत तो आपल्याला काय म्हणून हाक मारत होता, तेवढं कळवावं.

आपली,
एक वाचक