हेल्पर कुणाला म्हणता?

मागल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या भोसरीहून बॅग घेऊन घरी आला. "तात्या, ब्रेक दिला," एवढंच बोलला आणि ओट्यावर बसून राहिला. हा ब्रेक गाडीचा नव्हे. सात महिने भरत आले की ठेकेदार पोराला घरी धाडतो, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घेतात. का, तर वर्षात २४० दिवस भरले की नोकरी सलग धरली जाते. मग काढताना नोटीस द्या, भरपाई द्या. ते नको. पोरानं फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय केलाय, कार्डावर मात्र 'हेल्पर'. पगारही हेल्परचाच.

मी स्वतः १९८२ ते ९१ भोसरीत पाना फिरवला, म्हणून बोलतोय. आमच्याकडं पाण्याचे टँकर आणि आगीचे बंब बनायचे. चेसिस यायची ती नुसती केबिन, इंजिन आणि मागं उघडा सांगाडा. त्यावर टाकी, पंप आम्ही चढवायचो. सांगाड्याच्या पट्टीला वाटेल तिथं भोक पाडायचं नाही, ती तिथंच चिरते. यू-बोल्ट रिकाम्या टाकीला आवळले म्हणजे काम झालं असं नाही. पाणी भरून गाडी फिरवायची आणि परत आवळायचे. मग नटावर रंगाची रेघ मारायची. रेघ सरकलेली दिसली की समजायचं, नट हललाय.

पंपाच्या शाफ्टचं तर विचारूच नका. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत. एक-दोन दात चुकले तरी शाफ्ट बसतो, बोल्ट लागतात, वरून कुणाला काही कळत नाही. पंप चालू केला की मात्र गाडी थरथरते आणि क्रॉसचं बेअरिंग लवकर जातं. मी हे चुकलोय. आमच्या मिस्त्रीनं शिवी घालून सगळं खोलायला लावलं होतं. तिसऱ्या गाडीला माझा हात बसला.

मालक म्हणतात, आमचं काम टेंडरवर, ऑर्डर कधी असते, कधी नसते, कायम माणसं कुठून पोसू? अहो, मोटारी हजारांनी एकसारख्या निघतात. तुमच्या गाड्या दहा-वीस, आणि दर गिऱ्हाइकाची वेगळी. म्हणजे इथंच जुना हात जास्त लागतो ना? हात बसला की तुम्ही त्याला घरी धाडता आणि नव्या पोराकडून बंब जोडून घेता. तो बंब आग लागल्यावर थरथरायला लागला तर कुणाला विचारायचं?

आमचं गावही कमी नाही. पोराच्या सोयरिकीला गेलो तर पाहुणा म्हणाला, "पानाच फिरवतो ना?" त्याच पाहुण्याच्या दारात चैत्रापासून टँकर येतो. टँकर काय झाडाला लागतात?

कार्डावर फिटर लिहा आणि फिटरचा पगार द्या. माझं मागणं एवढंच आहे.

पुतण्या मिरगाच्या आधी परत गेला. ठेकेदार नवा, शेड तेच, मशीनवरचा साहेबही तोच. पगार मात्र पहिल्या दिवसाचा.