विम्याचे सतरावे कलम

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत आज अशी दांपत्ये विरळा नाहीत, की जी कामाची गाडी पकडण्यापूर्वी एका दवाखान्याची पायरी चढतात आणि रात्री घरी परतल्यावर तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहतात. कृत्रिम गर्भधारणेच्या एका 'सायकल'ला दीड-दोन लाख रुपये सहज लागतात, आणि पहिल्याच खेपेस यश येईल अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. घराचे हप्ते चालू असता हा पैसा आणावयाचा कोठून? वर्षानुवर्षे ज्याचा हप्ता न चुकता भरला, तो आरोग्यविमा अशा वेळी कामास यावा ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु विमापत्र उघडावे, तो तेथे सतरावे कलम आडवे पडलेले असते!

विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2019 मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा एकसारखी करून दिली. त्यांतील सतराव्या अपवादात संततिनियमनाची साधने, नसबंदी, कृत्रिम गर्भधारणा आणि सरोगसी यांची एकच मोट बांधलेली आहे. मूल नको म्हणून येणारा आणि मुलासाठी तळमळणारा, दोघांनाही एकाच कोठडीत कोंबणाऱ्या या विनोदबुद्धीला काय म्हणावे! हा अपवाद घातलाच पाहिजे अशी सक्ती कंपन्यांवर नाही, हे खरे. काही विमापत्रांत या उपचारांना थोडीबहुत जागा मिळतेही. पण तेथे प्रतीक्षा लांब आणि रक्कम तुटपुंजी.

गंमत पुढेच आहे. या उपचारांचे नियमन करणारा कायदा संसदेने 2021 साली केला. स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीचा बारा महिन्यांचा विमा उतरविल्याशिवाय उपचार करू नयेत, असे तो सांगतो. त्याच वर्षीचा सरोगसीचा कायदा गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीसाठी छत्तीस महिन्यांचा विमा मागतो. या स्त्रियांना संरक्षण मिळालेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण ज्या दांपत्याने हा विमा स्वतःच्या पैशाने विकत घ्यावयाचा, त्याच्या स्वतःच्या उपचारासाठी मात्र विम्याचे दार बंद, हा कोठला न्याय?

वंध्यत्व हा आजार नव्हे, इच्छेचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटना त्यास प्रजननसंस्थेचा आजारच मानते, आणि जगातील सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी तो गाठतो, असे तिच्या 2023 च्या अहवालात नमूद आहे. ज्यांना गरज तेच हा विमा घेतील आणि कंपनी बुडेल, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. पण मधुमेह घेऊन विम्याच्या दारात येणाऱ्यास तरी कंपन्या काय सांगतात? थांबा, असेच ना! त्या थांबण्याची कमाल मर्यादा नियामकाने 2024 मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. मधुमेह्याला 'थांबा' आणि निपुत्रिकाला 'चालते व्हा', हा भेद कोणत्या गणितात बसतो, ते आम्हांस उमगलेले नाही. शिवाय केंद्र सरकारने आपल्या नोकरांच्या आरोग्य योजनेत 2011 सालीच दर सायकलला 65 हजार रुपयांपर्यंत, तीन वेळा, भरपाई मान्य केली. तेव्हा एकाच इमारतीत राहणाऱ्या सरकारी कारकुनाचे वंध्यत्व तेवढे आजार, आणि खासगी पेढीतल्या कारकुनाची ती हौस, असे समजावयाचे काय?

6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएममध्ये, म्हणजे या शहराच्या महापालिकेच्याच रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी नळीतून गर्भधारणा झालेले बालक जन्मास आले. शेजारच्या गोव्याने 2023 मध्ये आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत देऊ केले. मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्ग मोफत काही मागत नाही. तो हप्ता भरून बसला आहे.

नियामकाने या कलमातून वंध्यत्वाचे उपचार वगळावेत आणि कंपन्यांना हवी तर प्रतीक्षेची अट घालू द्यावी. मात्र ती अट ठरविताना स्त्रीचे वय ध्यानी घ्यावे. छत्तिसाव्या वर्षी आलेल्या स्त्रीला तीन वर्षे थांबविणे म्हणजे नकारच होय. आणि चोवीस तास खाटेवर निजल्याखेरीज भरपाई नाही, हा जुना दंडकही येथे लावू नये, कारण यातील बहुतेक सुया आणि तपासण्या रुग्णालयात दाखल न होताच होतात.