कललेलं धुराडं

परवा वर्गातली मुलं संगणकावर स्केचअपमध्ये कौलारू घर उभारत होती. भिंती झाल्या, उतरतं छप्पर झालं. एकाने तयार धुराडं उचलून पाख्यावर ठेवलं, तर ते पाख्याबरोबर चक्क कललं! सगळे खो-खो हसले. तो बिचारा हिरमुसला.

पण त्याचं काय चुकलं? ज्या पृष्ठाला चिकटायचं त्याच्याच कलाने बसायचं, अशी त्या धुराड्याला आधीच आज्ञा दिलेली होती. काचेच्या कौलाला ती आज्ञा बरोबर; ते पाख्याला लागूनच हवं. धुराड्याचं तसं नाही.

मी त्याला दोऱ्याला खडू बांधायला सांगितलं. तो ओळंबा त्याने तिरक्या फळीवर धरला. फळी कितीही कलली, तरी दोरा सरळ जमिनीकडेच! "बाई, धुराडं दोऱ्यासारखं हवं!" तो ओरडला.

मग त्याने चिकटण्याची आज्ञा काढली, धुराडं उभं केलं नि तळाशी फट राहू नये म्हणून ते छपरात थोडं खाली सरकवलं. या वेळी टाळ्या पडल्या!

आता तुम्ही सांगा : छपरावरची पाण्याची टाकी कशी बसवाल, कौलासारखी की धुराड्यासारखी?