हिसाबाची अमानत आणि घरातील हार्ड डिस्क

आमच्या व्यापारी बांधवांच्या घरांतून लाल वह्यांचे गठ्ठे केव्हाच गेले. त्यांच्या जागी आता कपाटावर किंवा इंटरनेटच्या राउटरशेजारी एक लहानशी पेटी दिसते. तिच्यात बहुधा दोन हार्ड डिस्क असतात आणि घरातील सर्व संगणक व मोबाइल तिला जोडलेले असतात. जाणकार तिला 'नॅस' म्हणतात. खतावणीचा बॅकअप, जीएसटीची बिले, कापडाच्या डिझाइनचे फोटो, घराचे खरेदीखत, निकाहनामा, मुलांच्या लहानपणीची छायाचित्रे, सारे काही त्या एका पेटीत असते. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. या पेटीतील एक डिस्क खराब होऊ लागल्याची सूचना मिळूनही 'चालते आहे तोवर चालू द्या' असे म्हणणे व्यापाऱ्याला शोभत नाही, आणि मुसलमान व्यापाऱ्याला तर मुळीच शोभत नाही.

कापडाचा धंदा उधारीवर चालतो. सूतवाल्याचे आम्ही देणे लागतो, आमचे दुकानदाराकडे येणे असते, मध्ये दलालाची दलाली आणि प्रोसेसवाल्याची मजुरी. साठ दिवस, नव्वद दिवस, कधी त्याहून जास्त. हा सगळा व्यवहार हिसाबावर उभा आहे. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, आणि तिचा विषय मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याचा आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा आदेश तिच्यात आहे. जे लिहायचा आदेश आहे, ते लिहून झाल्यावर जपायचे नाही काय? माणूस वारला तर वारसांच्या वाटणीआधी त्याचे कर्ज फेडावे लागते. जकात काढायची तर दुकानातील माल आणि वसूल होणारी उधारी यांचा आकडा हवा. हिसाब गेला तर आमचे येणे बुडेल हे खरे, पण आम्ही कोणाचे किती लागतो हेही आम्हाला कळणार नाही. म्हणून त्या पेटीत जे आहे त्यातला बराच भाग दुसऱ्यांची अमानत आहे.

सरकारचा कायदाही हेच सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिसाबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. अधिकाऱ्यापुढे 'डिस्क गेली' हे उत्तर होऊ शकत नाही.

दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

'आमच्या पेटीत दोन डिस्क आहेत, एक गेली तर दुसरी आहेच,' असे आमचे बांधव छातीठोकपणे सांगतात. या व्यवस्थेला 'रेड' म्हणतात. हा शब्द ऐकला की बाजारात आधी आयकरवाले आठवतात, पण त्याचा त्यांच्याशी संबंध नाही. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी १९८८ मध्ये आपल्या निबंधात हे नाव दिले. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून काम चालू ठेवावे, ही कल्पना. दोन डिस्कच्या पेटीत बहुधा एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाते, जणू आरसा.

परंतु आरसा बरे-वाईट पाहत नाही. मुलाने चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्हींवरून पुसले जाते. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हींवर कुलूप लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरील असंख्य घरांत व दुकानांत पाणी शिरले. अशा पाण्यात एका पेटीतील दोन्ही डिस्क एकदमच बुडतात. दुसरी डिस्क काम थांबू देत नाही, एवढाच तिचा उपयोग. हिसाबाची खरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या छपराखाली असली पाहिजे.

सूचना ओळखा

बहुतेक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवतात. तिला 'स्मार्ट' म्हणतात आणि पेटीच्या पडद्यावर ती वाचता येते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. एक, खराब झाल्याने बदललेले सेक्टर किती, आणि दोन, वाचता न आल्याने रखडलेले सेक्टर किती. हे आकडे शून्यावरून वर चढू लागले की समजावे. गूगल कंपनीने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष आढळल्यावर साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात दिसले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे सूचना आली तर ते नशीब समजावे, आणि सूचना आली नाही म्हणून गाफील राहू नये.

प्रत्यक्षात काय होते? पेटी शिट्टी वाजवते, घरातले बटण दाबून तिचा आवाज बंद करतात. इशाऱ्याचा ईमेल जातो तो पेटी लावून देणाऱ्या मुलाकडे, आणि तो नोकरीसाठी पुण्याला किंवा आखातात असतो. ही गफलत थांबली पाहिजे. ज्याच्या नावाने हिसाब आहे, त्याच्याच मोबाइलवर इशारा आला पाहिजे.

बदलण्याची रीत

आधी प्रत, मग दुरुस्ती. डिस्कला हात लावण्यापूर्वी सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि त्यातल्या चार-दोन उघडून पाहाव्यात. मग कोणती डिस्क आजारी आहे ते खात्रीने ठरवावे. पडद्यावर खण क्रमांक आणि सीरियल नंबर दिसतो, तो डिस्कवरील नंबराशी ताडून पाहावा. घाईत चांगली डिस्क काढली आणि आजारी आत राहिली, तर हातचे जायचे. काही पेट्यांत डिस्क चालू स्थितीत बदलता येते, काहींत आधी पेटी बंद करावी लागते. पेटीसोबत आलेल्या पुस्तिकेत ते पाहून घ्यावे.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी हवी, लहान चालत नाही. ती नॅससाठी बनवलेली आणि 'सीएमआर' पद्धतीची असावी. 'एसएमआर' पद्धतीत डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग लिखाणाच्या वेळी ती फार मंद होऊ शकते. नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कमध्येही ही पद्धत वापरली होती, हे २०२० मध्ये उघड झाले. तेव्हा केवळ वेष्टन पाहू नये, मॉडेल नंबर विचारावा. आपण ताग्याची किनार पाहून कापड घेत नाही, पोत पाहतो. बाजारात जुन्या डिस्क पुसून नव्या म्हणून विकणारेही आहेत. बिल आणि वॉरंटीशिवाय डिस्क घेऊ नये.

नवी डिस्क बसवल्यावर पेटी जुन्या डिस्कवरून तिच्यावर सर्व उतरवते. चार टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने भरली, तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात. पेटी वापरात असेल तर त्याहून जास्त. हे तास कसोटीचे असतात. उरलेली एकटी डिस्क पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत वाचली जाते, आणि ती बहुधा गेलेलीबरोबरच, एकाच दिवशी घेतलेली असते. एक थकली तर दुसरीही तरुण नसते. म्हणूनच प्रत आधी काढायची. जिथे वीज वरचेवर जाते तिथे यूपीएस लावल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

काढलेली डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नये. तिच्यावर ग्राहकांची नावे, पत्ते, बँकेचे आकडे असतात. ती चालत असेल तर पूर्ण पुसावी. चालत नसेल तर तिच्यावर छिद्रे पाडून ती निकामी करावी, मग वॉरंटीत फुकट मिळणारी नवी डिस्क हुकली तरी हरकत नाही.

पूर्वी वही जीर्ण होऊ लागली की मुनीमजी तिची पाने सुटण्याची वाट पाहत बसत नसत. नवी वही आणून शिल्लक पुढे ओढत. त्यासाठी कोणी त्यांना सांगावे लागत नसे. रमजानमध्ये आपल्यापैकी बहुतेक जण जकातीचा हिसाब मांडतात. त्याच वेळी पेटीतील डिस्कचे आकडे पाहावेत, बाहेरची प्रत उघडून तपासावी, आणि एक राखीव डिस्क घरात आणून ठेवावी, असे आम्ही सर्व व्यापारी बांधवांना आग्रहाने सुचवतो.