शब्दांशी मैत्री : ‘एक्स्टोल’ म्हणजे नुसतं कौतुक नव्हे!

मैत्रिणींनो, सहामाही परीक्षेनंतर पाचवीतल्या एका मुलीनं माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. तिच्या आईनं लिहिलेली, आणि तीही इंग्रजीत. मुलगी इंग्रजीत कच्ची होती, या खेपेला बरे मार्क मिळाले, म्हणून आईनं माझे आभार मानले होते. पहिलंच वाक्य होतं, ‘आय एक्स्टोल यू.’

मी ती चिठ्ठी शिक्षकांच्या खोलीत दाखवली. सगळ्याजणी हसल्या. खोटं कशाला सांगू, मीही हसले. आणि दाराशी वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी असलेली ती मुलगी मला नंतर दिसली.

संध्याकाळी पोळ्या लाटताना तेच मनात घोळत होतं. त्या बाईंनी मुलीचा शब्दकोश उघडला असेल, ‘स्तुती करणे’ शोधलं असेल, आणि समोर आलेल्या शब्दांतला सगळ्यात भारदस्त शब्द उचलला असेल. पाहुणे आले की आपण ठेवणीतल्या कपबश्या काढतो ना, तसंच हे!

आता शब्दाकडे वळू. ‘एक्स्टोल’ हा लॅटिनमधून आला. मूळ अर्थ ‘वर उचलणे’. म्हणजे आपलं ‘डोक्यावर घेणं’च की! आपलं ‘वाखाणणं’ मात्र ‘व्याख्यान’ या शब्दावरून आलं. गुण फोडून, उलगडून सांगायचे, ते वाखाणणं. एकानं उचलून दाखवलं, दुसऱ्यानं समजावून सांगितलं. ‘एक्स्टोल’मध्ये या दोन्ही छटा आहेत. नुसतं ‘छान’ म्हणून भागत नाही, गुणांचे गोडवे गावे लागतात.

उच्चार करताना जोर शेवटच्या ‘टोल’वर द्यायचा. टोलनाक्यातला टोल म्हणतो तसाच. अर्थाचा मात्र संबंध नाही. स्पेलिंगमध्ये शेवटी एकच ‘एल’, पण भूतकाळी रूपात दोन. मुलं इथे हमखास चुकतात, तेव्हा गृहपाठ तपासताना लक्ष ठेवा.

हा शब्द बहुधा ‘व्हर्च्यूज’, म्हणजे गुण, या शब्दाचा हात धरून येतो. ‘माय ग्रँडमदर एक्स्टोल्स द व्हर्च्यूज ऑफ अर्ली रायझिंग’, म्हणजे आजी पहाटे उठण्याचे गोडवे गाते. यात किंचित मिश्कीलपणाही असू शकतो. दारावर येणारा विक्रेता आपल्या साबणाची महती सांगतो, तेव्हाही इंग्रजीत हाच शब्द चपखल बसतो.

मग ‘आय एक्स्टोल यू’मध्ये बिघडलं काय? व्याकरण तर ठीकच आहे. पण हा शब्द लेखातला, भाषणातला. रोजच्या चिठ्ठीत तो जड होतो. शिवाय हे गुणगान बहुतेक वेळा तिसऱ्यापुढे होतं. ज्याची स्तुती करायची त्यालाच ‘मी तुमची थोरवी गाते’ असं आपण मराठीत तरी कुठे म्हणतो? ते देवापुढे शोभतं.

याची भावंडंही ओळखून ठेवा. ‘प्रेझ’ हा रोजच्या वापरातला, कुठेही चालणारा शब्द. ‘फ्लॅटर’ म्हणजे खुशामत, तिथे खरेपणा कमी. ‘काँग्रॅच्युलेट’ म्हणजे यशाबद्दल अभिनंदन. ‘युलजी’ म्हणजेही स्तुतीच, पण हल्ली तो शब्द बहुतेक वेळा गेलेल्या माणसाविषयीच्या भाषणाला वापरतात. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात तो चुकूनही वापरू नका!

पालकसभेला त्या बाई आल्या. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाल्या, “बाई, माझ्या चिठ्ठीत काही चुकलं का हो? पोरगी म्हणाली, सगळे हसले.” मला मान वर करवेना. म्हटलं, “चूक माझी झाली. तुमचा शब्द खोटा नाही, फक्त माझ्यासाठी फार मोठा होता.” मग विचारलं, “तुम्हांला नेमकं काय म्हणायचं होतं?” त्या म्हणाल्या, “उपकार झाले, एवढंच.” तेव्हा कागदावर लिहून दिलं, ‘आय अ‍ॅम ग्रेटफुल टु यू.’ त्यांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. निघताना म्हणाल्या, “रोज रात्री तिच्याबरोबर पाच शब्द मीही पाठ करते. आमच्या वेळी कुणी शिकवलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच खोलीत मी हे सगळं सांगितलं. मुलीच्या मार्कांचं श्रेय माझ्याइतकंच त्या रात्रीच्या पाच शब्दांचं आहे, हेही सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. ती मुलगी दाराशी नव्हती, याची मात्र चुटपुट लागली; मग तिला वर्गात बोलावून पुन्हा सांगितलं.

मी जे केलं, त्याला इंग्रजीत ‘एक्स्टोल’ म्हणायला हरकत नाही. उशिरा का होईना.

पुढच्या खेपेला ‘कॉम्प्लिमेंट’ हे जुळे शब्द. उच्चार सारखा, स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक, आणि अर्थ अगदी निराळे! तोवर मुलांना विचारून पाहा, किंवा मुलांबरोबर शोधा.