देशाचा हक्क आणि घरातला वाटा

जानेवारी 1944. महायुद्ध ऐन भरात, ‘छोडो भारत’मधले पुढारी गजाआड. रणजित पंडित बरेलीच्या तुरुंगातून सुटले ते आजारपण घेऊनच, आणि 14 तारखेला गेले. मागे उरल्या पत्नी आणि तीन मुली. त्यांची पत्नी म्हणजे विजयालक्ष्मी पंडित.

पंडित घराणं मूळ आपल्या कुडाळजवळच्या बांबुळीचं. 1921 मध्ये लग्न झालं तेव्हा नेहरूंच्या घरची स्वरूपकुमारी आपल्याकडच्या रिवाजानं विजयालक्ष्मी झाली. सासरनं नाव दिलं, पण नवरा गेल्यावर वाट्याची गोष्ट निघाली तेव्हा मुलगा नसलेल्या विधवेची बाजू कायद्यात लंगडी ठरली. 1937 मध्ये संयुक्त प्रांताच्या मंत्री झालेल्या, तीनदा तुरुंगवास भोगलेल्या बाईंची ही अवस्था. ही सल त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणानं मांडली आहे.

त्याच वर्षाअखेरीस त्या अमेरिकेला निघाल्या. युद्धकाळ, समुद्रमार्ग धोक्याचा; त्या अमेरिकी लष्करी विमानानं गेल्या. एप्रिल 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवायला देश जमले. भारताच्या नावानं तिथे बसलेलं शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारनं नेमलेलं होतं. बाईंना ना पद, ना खुर्ची. भाऊ जवाहरलाल तेव्हा तुरुंगात. बाईंनी सभागृहाबाहेर पत्रकारांना गाठलं, व्याख्यानं दिली, परिषदेला निवेदन दिलं. ‘आत बसलेले लोक भारतीय जनतेचे प्रतिनिधी नाहीत’, हे त्यांनी जगाला ठणकावून सांगितलं.

पुढच्याच वर्षी त्या भारताच्या अधिकृत शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून संयुक्त राष्ट्रांत गेल्या. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स, विषय तिथल्या भारतीयांना मिळणारी वागणूक. 8 डिसेंबर 1946 ला ठराव 32 विरुद्ध 15 मतांनी मंजूर झाला. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता! मग मॉस्को, वॉशिंग्टनला राजदूतपद, 1953 मध्ये आमसभेचं अध्यक्षपद. त्या पदावर बसलेल्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. चीनशी युद्ध झालं त्याच नोव्हेंबर 1962 मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.

हे सगळं आज, आपल्या भागात बसून लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, मोशी... कारखाने आले, रस्ते रुंदावले, गुंठ्याचे भाव गगनाला भिडले आणि घरोघरी हक्कसोडपत्रं निघाली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहिणीला आणतात. यंत्रावर अंगठा, कॅमेऱ्यात फोटो, ओळख पटवायला दोन साक्षीदार. काही मिनिटांत काम उरकतं. ‘सही कर, माहेर तुटायला नको’, एवढंच तिला सांगितलेलं असतं. किती क्षेत्र, काय भाव, व्यवहार कुणाशी ठरलाय, तिला पत्ता नसतो.

कायदा मात्र आता लंगडा नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला वारसदार केलं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा हक्क जन्मानं मिळतो. 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते, यावर तो अवलंबून नाही.

विजयालक्ष्मीबाईंनी परक्या देशात, पाठीशी सरकार नसताना देशाचा हक्क मागितला. आपल्या लेकी-सुनांच्या पाठीशी तर कायदा उभा आहे. म्हणून बायांनो, सहीआधी सातबारा मागा, फेरफार बघा, कागद पूर्ण वाचून घ्या. भावाला वाटा द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण तो आपला आहे हे जाणून द्या. आणि भावांनो, बहिणीला निबंधक कार्यालयात नेण्याआधी वकिलाकडे जाऊ द्या. तिनं निवडलेल्या वकिलाकडे.